पश्चिमेच्या पाच खिडक्या

माझ्या साडूला आमच्या घरात मीच आणलं. पुढं जे झालं ते सांगताना मी त्याच्यावर बरंच काही ढकलीन असं वाटतं, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकतो.

पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी औरंगाबादेत उर्दूतून शिकत होतो. पुढं नकाशे काढायचं शिकलो आणि सरकारी बांधकामाच्या एका कचेरीत नकाशानवीस म्हणून लागलो. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तशी तिकडची माणसं बदलून आमच्याकडं येऊ लागली. माझं टेबल तेच राहिलं, काम तेच राहिलं, फक्त नकाशानविसाचा ड्राफ्ट्समन झाला आणि नकाशाखाली सही करणारी माणसं बदलली. त्यातलाच हा एक. रत्नागिरीकडचा, मुंबईत डिप्लोमा केलेला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि हुद्द्यानं माझ्या वर. स्वभावानं मात्र इतका सरळ की त्याचा राग धरायला जागा सापडत नसे. मला तो पहिल्या दिवसापासून 'दादा' म्हणायचा. कचेरीत वरचा माणूस खालच्याला दादा म्हणत नाही, पण तो म्हणायचा.

दिवाळीत तो एकटाच खोलीवर राहणार असं कळलं, म्हणून मी त्याला फराळाला घरी बोलावलं. त्याच दिवाळीला माझे सासरे वैजापूरहून धाकट्या मुलीला घेऊन आमच्याकडं आले होते. सासऱ्यांचं वैजापूरला कापूस-कांद्याचं आडतीचं दुकान होतं. त्यांना मी मामा म्हणायचो. त्यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच. थोरली माझी बायको. फराळ करता करता मामांनी त्या पाहुण्याला गाव, घर, भाऊबहीण सगळं विचारून घेतलं. पुढं गोत्र वेगळं निघालं, पत्रिका जुळली आणि माघात लग्न झालं.

लग्नात मी खूप राबलो. लोक म्हणाले, थोरला जावई असावा तर असा. मला ते आवडलं. तोवर मी एकटाच जावई होतो. बाजारात सल्ला, दवाखान्यात सोबत, तहसिलीत कागद, सगळ्याला मामांना मीच लागायचो. मुलगा नसलेल्या माणसाला जावई जितका लागतो तितका मी त्यांना लागत होतो आणि ते लागणं मला माझ्या पगारापेक्षा मोठं वाटत होतं.

दुकानाची दगदग झेपेना तेव्हा मामांनी ते चुलतभावाच्या हवाली केलं आणि शहरात जागा घेतली. आज क्रांती चौक म्हणतात त्याच्या पलीकडं तेव्हा नुसता माळ होता. तिथं त्यांना घर बांधायचं होतं. दोन्ही मुली, जावई, नातवंडं एकाच वेळी येऊन राहिली तरी अडचण होऊ नये असं.

हे घर मी त्याआधी चार-पाच वर्षं मनात बांधत होतो. रविवारी दुपारी बसून मी त्याचा नकाशाही काढून ठेवला होता: काळ्या दगडाच्या दोन-दोन फुटी भिंती, मधे चौक, वर मातीचं माळवद, रस्त्याकडं लहान खिडक्या. आमच्याकडची जुनी घरं अशीच असतात. नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवला आणि मामांनी विचारायची वाट पाहत बसलो. आपण होऊन दाखवणं मला बरं वाटत नव्हतं.

एका रविवारी सगळे आमच्याकडं जेवायला होते. ताक वाढून झालं तसे मामा धाकट्याकडं वळून म्हणाले, "घर तुम्हीच काढा आता. तुम्ही इंजिनेर माणूस. थोरलं जवाई हायतच हाताशी, नकाशा लई सफाईनं उतरवत्यात ते."

उतरवतात. मामांच्या मनात काहीच वाईट नव्हतं, उलट माझं कौतुकच केलं असं त्यांना वाटत होतं. साडू म्हणाला, दादांनीच काढावा, त्यांना इथली माहिती आहे. मामांनी हात हलवला आणि विषय दुसरीकडं गेला. त्या रात्री मी कपाटावरची गुंडाळी काढली आणि पेटीच्या तळाशी टाकली. बायकोनं विचारलं तर म्हणालो, जुने कागद आहेत.

साडूनं महिनाभरात नकाशा केला आणि मी तो ट्रेसिंग कापडावर शाईनं उतरवला. त्याच्या डोक्यात त्याच्या गावचं घर होतं. तो सांगायचा, आमच्याकडं ऊन त्रास देत नाही, घाम देतो. पावसाळ्यात मिठाचं पाणी होतं, धुतलेलं धोतर तीन दिवस वाळत नाही, भिंतीला हात लावला तर ओला होतो. तिथं माणसाला वाचवतो तो वारा. वारा डोक्यावरून जाऊन उपयोग नाही, बसलेल्या, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून गेला पाहिजे. म्हणून त्यानं सगळ्या खोल्या एका ओळीत ठेवल्या, एकीमागं एक खोली कुठंच नाही. पश्चिमेला जमिनीपासून वीतभर उंचीवरून सुरू होणाऱ्या पाच मोठ्या खिडक्या, समोर पूर्वेला पाच. खिडक्यांना लाकडाच्या तिरप्या पट्ट्या, कायमच्या ठोकलेल्या, म्हणजे पावसाची झड आत येणार नाही पण वारा येत राहील. भिंती विटेच्या, पातळ, संध्याकाळ झाली की लगेच निवणाऱ्या. वर उंच मंगलोरी कौलं, पुढं रुंद ओसरी.

नकाशा देखणा होता. मला तो उतरवताना राग यायचा तो त्यामुळंच. रेघ ओढताना हाताला कळतं, काढणाऱ्याला घर दिसत होतं की नाही. त्याला दिसत होतं.

काम पुरं झालं त्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. बाकीचे गेले होते. नकाशा पसरून म्हणाला, "दादा, समुद्राचा वारा मला कळतो. इथला वैशाख मी एकच काढलाय, तोही दौऱ्यावर. तुम्ही इथले. यात काही चुकतंय का?"

मी त्या पश्चिमेच्या पाच खिडक्या पाहिल्या. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आमच्याकडं श्रावणातला गार वाराही पश्चिमेकडून येतो आणि वैशाखातली झळही तिकडूनच. वैशाखात सकाळी नऊला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि दिवस कलल्यावर उघडायच्या, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. त्याच्या खिडक्या लावता येणाऱ्याच नव्हत्या. पातळ वीट आणि उघडी कौलं दुपारी बाराला तापणार आणि खाली माणसं भाजणार. दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं. लाकडी झडपा लावा, पश्चिमेची भिंत जाड करा, एवढंच.

मी म्हणालो, "नाही. बरोबर आहे सगळं. तुम्हाला जास्त कळतं."

तो माझ्याकडं थोडा वेळ पाहत राहिला. मग नकाशा गुंडाळून घेऊन गेला.

बांधकामाला मिस्त्री खुलताबादचे होते, पन्नाशीचे, मितभाषी. जोत्यावर भिंती चढायला लागल्या तेव्हा त्यांनी मला एका बाजूला बोलावलं. "साब, मगरिब की तरफ इत्ते दरीचे नक्को. बैसाख में आग आती उधर से. तुम बोलो ना, तुम्हारी सुनेंगे." मगरिब म्हणजे पश्चिम आणि दरीचे म्हणजे खिडक्या, हे काही मला समजावून सांगायला नको होतं. मी म्हणालो, मिस्त्री, साहेबांनी काढलंय तसं बांधा. ते 'जी' म्हणाले आणि थापी उचलून कामाला लागले. त्यानंतर त्यांनी मला घराबद्दल काही विचारलं नाही. आता मी गप्प बसलो हे माहीत असलेला एक माणूस झाला होता.

ज्येष्ठाच्या शेवटी वास्तुशांत झाली. लगेच पाऊस लागला आणि साडूचं नशीब उघडलं.

आम्ही तेव्हा जुन्या शहरात एका दरवाजाच्या आत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. दगडी भिंती, वर माळवद, एकच खिडकी. आषाढ-श्रावणात पाऊस थांबून ऊन पडलं की त्या खोल्या कोंदून जायच्या. काडेपेटीची काडी ओढली तर गुल झडून पडायचा. पापड डब्यातच लोळागोळा. माझ्या दोन्ही मुलींच्या मानेवर घामोळं उठायचं आणि त्या रात्रभर खाजवत राहायच्या. आणि तिकडं माळावरच्या त्या घरात एका बाजूनं शिरलेला वारा सगळ्यांच्या अंगावरून फिरून दुसऱ्या बाजूनं निघून जायचा. मामा ओसरीवर चटई टाकून पडायचे ते दुपारी जेवायलाच उठायचे. ओले कपडे आतल्या दोरीवर दोन तासांत वाळायचे.

बायको मुलींना घेऊन 'दोन दिवस राहून येते' म्हणून गेली ती बारा दिवसांनी आली. मुलींच्या माना स्वच्छ झाल्या होत्या. धाकटीनं घरात पाय ठेवल्या ठेवल्या विचारलं, आपलं घर असं का नाही. मी म्हणालो, आपलं भाड्याचं आहे. ती म्हणाली, मग काकांना सांगा ना, ते काढून देतील.

लोक घर बघायला यायचे. वैजापूरचे जुने गिऱ्हाईक यायचे, कचेरीतले यायचे. मामा त्यांना खिडकीपुढं उभं करायचे, "बघा वारा" म्हणायचे आणि पुढं न चुकता, "आमच्या धाकट्या जवायानं काढलं." मी शेजारी उभा असलो तर म्हणायचे, नकाशाला हात मात्र यांचा बरं का. रविवारी मी तिकडं जाणं कमी केलं. गेलो की ओसरीवर न बसता आत उभा राहायचो, कारण ओसरीवर बसलं की वारा लागायचा आणि बरं वाटायचं. ते बरं वाटणंच मला सहन होत नव्हतं.

मी उन्हाळ्याची वाट पाहत होतो. कुणाचं वाईट व्हावं असं मी मनात कधी आणलं नाही, निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगायचो. मला एवढंच हवं होतं की भर दुपारी मामांनी त्या खिडकीशी उभं राहून एकदा म्हणावं, थोरल्यांना विचारायला हवं होतं. मग मी माझी गुंडाळी काढणार होतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी आली आणि मी मनातल्या मनात महिने मोजत राहिलो.

मधे एक गोष्ट झाली जी मी धरली नव्हती. धाकटी मेहुणी पहिल्या बाळंतपणाला आईकडं, म्हणजे त्या घरी आली. चैत्रात तिला मुलगी झाली. दवाखान्यातून आल्यावर बाळंतिणीची खाट टाकली ती सगळ्यांत वाऱ्याच्या जागी, पश्चिमेच्या दुसऱ्या खिडकीशी. मी बारशाला गेलो तेव्हा खाट पाहिली. ऊन तापायला लागलं होतं. त्या दिवशीसुद्धा मी बोलू शकलो असतो की खाट हलवा, खिडकीला पोती ओली करून बांधा. कुणी मला विचारलं नाही आणि मी घुगऱ्या खाऊन परत आलो.

वैशाखातल्या एका दुपारी बायको टांगा करून कचेरीच्या दारात आली. ती कधी कचेरीत येत नसे. म्हणाली, बाळ सकाळपासून अंगावर पीत नाही, अंग फुलासारखं नाही, तव्यासारखं लागतंय. साडू दौऱ्यावर होता. मी तसाच निघालो.

घरात शिरलो तेव्हा तोंडावर भडभुंज्याच्या भट्टीसारखी हवा आली. पट्ट्यांमधून झळ सरळ खोलीत येत होती. खिडकीवर टाकलेलं ओलं लुगडं वाळून कडक झालं होतं. सासूबाई बादलीतून पाणी शिंपडत होत्या आणि फरशीवरचं पाणी बघता बघता नाहीसं होत होतं. मामा पंखा घेऊन खाटेशी बसले होते, त्यांचं स्वतःचं तोंड लाल झालेलं. मेहुणी नुसती बाळाकडं बघत होती. बाळाचे ओठ कोरडे पडले होते आणि ते रडतही नव्हतं.

मी कुणाला विचारलं नाही. ओल्या पंच्यात बाळ गुंडाळलं, छातीशी धरलं आणि टांग्यात बसलो. मागून बायको मेहुणीला घेऊन आली. आमच्या त्या दोन खोल्या बायकोनं सकाळीच रिवाजाप्रमाणं बंद केल्या होत्या. दार उघडलं तर आत काळोख आणि विहिरीच्या पायऱ्यांवर असतो तसा गारवा. डॉक्टर आले. म्हणाले, ऊन लागलंय, थेंब थेंब करत उकळून निववलेलं पाणी द्या, अंग पुसत राहा, आईला जवळ निजवा, आणि त्या घरात परत नेऊ नका. दिवस मावळायच्या आत बाळानं तोंड वळवलं आणि प्यायला लागलं.

मेहुणी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "दाजी, किती गार आहे हो तुमच्याकडं."

आणि मला आनंद झाला. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. एक महिन्याचं मूल माझ्या गप्प बसण्यानं मरता मरता राहिलं होतं, ते समोर निजलं होतं, आणि माझ्या मनात आलं ते हे की आता कळलं सगळ्यांना. दोन-तीन क्षणच असेल. मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

तिसऱ्या दिवशी साडू परत आला. बाळाला पाहून, आमच्याकडं घटकाभर बसून, आम्ही दोघं माळावरच्या घरी गेलो. मामांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं. आम्ही चौघे बाळंतिणीची खाट होती त्या खोलीत उभे राहिलो. मामा साडूला फारसं बोलले नाहीत. तो परक्या मुलखातला, त्याला काय कळणार असं त्यांनी मनाशी धरलं असावं. ते माझ्याकडं वळले.

"तुम्ही तर इथलेच ना? रोज येत होता, नकाशा तुमच्या हातचा. तुम्हाला दिसलं नाय व्हय हे?"

मिस्त्री ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत दोरीकडं बघायला लागले.

साडू म्हणाला, "त्यांनी सांगितलं होतं, मामा. नकाशा झाला त्याच दिवशी. मीच ऐकलं नाही."

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग मला सांगायचं होतं ना. भिडस्त लई तुम्ही."

हेच मला वर्षभर ऐकायचं होतं, फक्त शब्द थोडे वेगळे. आणि मी ते घेतलं. 'नाही मामा, मी सांगितलं नव्हतं' असं म्हणायला एक श्वास पुरला असता. मी खाली फरशीकडं पाहत राहिलो.

परत येताना मी साडूला विचारलं, असं का म्हणालात. तो चालता चालता थांबला. म्हणाला, "मी विचारलं तेव्हा तुम्ही खिडक्यांकडं बघत होता. बोललात ते वेगळं. मला तेव्हाच कळलं होतं, काहीतरी आहे. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर खिडक्या बदलाव्या लागल्या असत्या, आणि मला त्या तशाच हव्या होत्या. म्हणून नाही विचारलं. मुलगी माझी आहे, दादा. माझं माझ्याकडं राहू द्या."

त्यानं मला माफ केलं नाही, दोषही दिला नाही. आपल्या वाट्याचं तेवढं उचललं आणि माझं तिथंच ठेवलं. याचासुद्धा मला हेवा वाटला. इतकं सरळ बोलता येणं हे मला अख्ख्या घराचा नकाशा एका दमात काढता येण्यापेक्षा अवघड वाटत होतं, आणि तो ते रस्त्यात उभा राहून करत होता.

मग घर दुरुस्त करायचं ठरलं. साडूनं पेन्सिल माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाला, या वेळी तुम्ही. मी बसलो आणि पहिल्याच सपाट्यात पश्चिमेच्या पाचही खिडक्या बुजवून टाकल्या. त्यानं बराच वेळ कागद पाहिला. म्हणाला, पाचही बुजवल्या तर श्रावणात मामा गुदमरतील, तुमच्या खोल्यांत तुम्ही गुदमरता तसे. मला चीड आली. पण मुलींच्या माना मला माहीत होत्या.

शेवटी असं झालं. पश्चिमेच्या बाजूनं तीन खिडक्यांच्या पुढं दोन फुटी दगडी भिंतीची एक लांबट खोली बांधली, वर माळवद, उंचावर एक लहान झरोका. तिनं दुपारचं ऊन आणि झळ आपल्या अंगावर घेतली. उरलेल्या दोन खिडक्यांच्या पट्ट्या काढून सागवानी झडपा बसवल्या, सकाळी लावायच्या आणि दिवस कलला की उघडायच्या. कौलांखाली लाकडी तक्तपोशी करून तिच्यावर माती अंथरली, म्हणजे कौलांची धग खाली उतरणार नाही. ही माझी कामं. पूर्वेच्या खिडक्या साडूनं आणखी रुंद केल्या. मी म्हणालो, वारा येतो पश्चिमेनं, पूर्वेला कशाला खर्च. तो म्हणाला, बाहेर पडायची वाट मोठी ठेवली की आत येणारा थोडा वाराही जोरात येतो. मी विश्वास ठेवला नाही. श्रावणात पूर्वेच्या खिडकीत कागद ठेवून पाहिला, तो उडाला.

मिस्त्रींनी दगडी खोली स्वतःच्या हातानं बांधली. कामाच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, मिस्त्री, तुम्ही तेव्हा बरोबर सांगितलं होतं. ते थापी धूत होते. म्हणाले, "बोलना तुम्हारा काम था, साब." एवढंच. पुढं आमची कितीतरी वर्षं ओळख राहिली, त्यांनी तो विषय परत काढला नाही.

मामा नव्या खोलीला वैशाखाची खोली म्हणायचे. पाहुण्यांना आता सांगायचे, "दोघा जवायांनी मिळून काढलं." मी ऐकत असायचो, पुढं सांगताना कुणाचा उल्लेख आधी होतो ते. बहुतेक वेळा धाकट्याचा व्हायचा.

पुढं साडूची बदली कोकणात झाली आणि तो तिकडचाच झाला. मामा गेले, त्यांच्या मागोमाग सासूबाई गेल्या. घर दोघी बहिणींचं झालं आणि राहायला आम्ही गेलो. त्या घरात मी इतकी वर्षं काढली की कुठल्या महिन्यात कुठल्या खोलीत बसायचं हे माझ्या पायांनाच कळतं. पण मामांचा हात खांद्यावर होता ती जागा त्या खाटेच्या खोलीतच आहे, आणि तिथून दिवसातून दहा वेळा जावं लागायचं. मामांच्या वर्षश्राद्धानंतर एका सकाळी मी बायकोला सगळं सांगितलं.

ती भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, भाजी पुरी निवडली आणि उठून गेली. आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. नवव्या दिवशी म्हणाली, मी बहिणीकडं जाऊन येते. महिनाभर राहिली. तिथं तिनं बहिणीला सांगितलं. त्यानंतर मेहुणीची पत्रं बायकोच्या नावानं यायची, पण 'दाजींना नमस्कार' ही शेवटची ओळ त्यांतून गेली. तीन वर्षं ती इकडं आली नाही.

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न त्याच घरी, वैशाखात झालं. मेहुणी दोन दिवस आधी आली. सोबत तिची मुलगी, उंच, सावळी, सारखी हसणारी. दुपारी मी ओसरीवरच्या वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारत होतो, तेव्हा मेहुणी मागं येऊन उभी राहिली.

म्हणाली, "दाजी, तुम्ही मला तोंडानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला अक्काकडून कळलं."

मी म्हणालो, "हिंमत झाली नाही."

"त्या दिवशी हिला उराशी धरून टांग्यात बसलात, ते मी पाहिलंय. त्याच्या आधी वर्षभर गप्प बसलात, ते आता मला माहीत आहे. मी दोन्ही लक्षात ठेवणार आहे. एकानं दुसरं फिटत नाही."

मी बरं म्हणालो. तिनं माझ्या हातातलं तपेलं घेतलं आणि उरलेल्या पडद्यावर पाणी मारायला लागली. लग्नभर ती माझ्याशी नीट वागली. त्यानंतरच्या पत्रांत नमस्कार परत आला, पण शेवटी नाही, मधेच कुठंतरी, बाकीच्या मजकुरात.

लग्नाच्या संध्याकाळी झडपा उघडल्या होत्या. माझे व्याही ओसरीवर माझ्याशेजारी बसले होते. दिवसभराच्या तलखीनंतर वारा सुटला आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, घर मोठं विचारानं बांधलंय, काढलं कुणी. साडू पाच हातांवर पानं लावत बसला होता, त्याला ऐकू जात होतं.

मी म्हणालो, "आमच्या साडूंनी." माझी इच्छा होती की तेवढंच म्हणून थांबावं. मी मनातल्या मनात थांबलोही. मग म्हणालो, "ती पश्चिमेची दगडी खोली माझी."

साडूनं मान वर केली, हसला, आणि व्याह्यांपुढं पानाचं तबक धरलं.